मराठी ग्रंथांचा माग

मराठीत कोणकोणते ग्रंथ लिहिले गेले आणि ते कोणी लिहिले, याची नोंद ठेवण्याची खटपट छापखान्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. हस्तलिखित पोथीच्या काळात ही नोंद पोथीतच असे. सुटी लांबट पाने, वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती कापडाचे बासन असा पोथीचा थाट. शेवटच्या पानावर लेखनिक आपले नाव, गाव, शके, तिथी आणि पोथी कोणासाठी उतरवून काढली हे लिहून ठेवी. अक्षर चुकले असेल तर वाचकाने सांभाळून घ्यावे, अशी विनंतीही बहुधा असे. मूळ ग्रंथकाराची ओळख मात्र रचनेतच विणलेली असायची. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीचे नाव येई, ओवीबद्ध ग्रंथाच्या समाप्तीला गुरुपरंपरा आणि रचनेचा काळ येई. पोथीचे शेवटचे पान गहाळ झाले की ग्रंथ निनावी होई, आणि एकाच नावाचे दोन कवी असले की त्यांच्या रचना एकमेकांत मिसळत. संत नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीचे अभंग मिसळले ते असेच. ते वेगळे काढण्यासाठी विसाव्या शतकातील अभ्यासकांना फार श्रम घ्यावे लागले.

ग्रंथकारांची चरित्रे एकत्र करण्याचा मोठा प्रयत्न अठराव्या शतकात ताहराबादच्या महिपतीने केला. १७६२ साली त्याने ‘भक्तविजय’ पूर्ण केला आणि पुढे १७७४ मध्ये ‘भक्तलीलामृत’. त्याचा हेतू भक्तीचा होता, तारखा लावण्याचा नव्हता. तरीही नामदेव, जनाबाई, चोखामेळा, एकनाथ, तुकाराम या नावांमागची माणसे मराठी समाजाला एका ठिकाणी भेटली ती महिपतीमुळे. नंतरच्या वाङ्मयेतिहासकारांनी त्याच्या हकिगतींवर शंका घेतल्या, पण त्याला वगळून कोणालाच पुढे जाता आले नाही.

छापील मराठी पुस्तकाचा प्रारंभ गोव्यात झाला, आणि पुस्तक हरवण्याचा प्रारंभही तिथेच. इंग्लंडातून आलेला जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत होता, पण अक्षरे रोमन होती, कारण देवनागरीचे खिळे तेव्हा तेथे नव्हते. सतराव्या शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो किनारपट्टीवरच्या ख्रिस्ती घरांत हाताने उतरवून काढलेल्या प्रतींच्या आधारे, म्हणजे छापलेले पुस्तक हस्तलिखितांनी तारले. त्या प्रतींवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला नवी आवृत्ती काढली. पुढे १९२० च्या दशकात मराठी संतवाङ्मयाचे अमेरिकी अभ्यासक जस्टिन अ‍ॅबट यांना लंडनमध्ये, मार्सडेन नावाच्या संग्राहकाच्या संग्रहात, याच ग्रंथाची देवनागरी प्रत आढळली. तीनशे वर्षांपूर्वी मराठी ओवी लिहिणाऱ्या त्या पाद्र्याची भाषा किती अस्सल होती, हे त्या प्रतीवरून अधिक स्पष्ट झाले.

देवनागरीतले मराठी मुद्रण सुरू झाले ते महाराष्ट्राबाहेर. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी याने वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने मराठी व्याकरण तयार केले, ते १८०५ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठोपाठ मोडी टाइपातली पुस्तके निघाली, त्यांत १८१४ ची ‘सिंहासनबत्तिशी’ होती. त्याच सुमारास दक्षिणेत तंजावरला सरफोजी राजांनी आपल्या छापखान्यात इसापच्या गोष्टींचे मराठी रूपांतर छापवले. पेशवाई संपल्यावर मुंबईत शाळापुस्तक मंडळी उभी राहिली, शिळाछाप आली, आणि १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी छापील पंचांग काढून मराठी मुद्रणाला स्वतःच्या पायावर उभे केले. या पहिल्या सहा-सात दशकांतल्या पुस्तकांना अभ्यासक ‘दोलामुद्रिते’ म्हणतात. शिळाछाप दोलामुद्रित हाती घेतले तर ते अर्धे पोथीच वाटते. अक्षर लेखनिकाच्या हातचे, ओळी सलग आणि शब्द जोडून लिहिलेले. मुखपृष्ठावर ‘श्री’, खाली छापखान्याचे नाव आणि शके. लेखकाचे नाव कधी असते, कधी नुसते भाषांतर करणाऱ्या पंडिताचे असते, तर कधी कोणाचेच नसते. ग्रंथकर्ता ही स्वतंत्र व्यक्ती आहे आणि पुस्तकावर तिचे नाव असावे, हा रिवाज पुरता रुळायला काही दशके गेली.

याच काळात पुस्तके एका जागी ठेवण्याची सोय होऊ लागली. रत्नागिरीला १८२८ मध्ये वाचनालय निघाले. अहमदनगर, नाशिक, पुणे आणि कोल्हापूर येथे १८३८ ते १८५० या काळात ‘नेटिव्ह लायब्ररी’ उभ्या राहिल्या. पणजीचे सार्वजनिक ग्रंथालय १८३२ चे, पण त्याचा भर पोर्तुगीज पुस्तकांवर होता. सुरुवातीच्या या वाचनालयांतही इंग्रजी पुस्तके आणि वृत्तपत्रे पुढे असत आणि मराठी पुस्तकांना मागची जागा मिळे. मराठी ग्रंथांसाठीच म्हणून संस्था काढण्याचा विचार पुढे आला तो १८९३ मध्ये ठाण्याला आणि १८९८ मध्ये मुंबईत. या दोन्ही संस्था मराठी ग्रंथसंग्रहालय या नावाने आजही उभ्या आहेत. सयाजीराव गायकवाडांनी १९१० पासून बडोदे संस्थानात गावोगावी ग्रंथालये आणि फिरत्या पेट्या सुरू केल्या. आपल्या संस्थानातील मराठी आणि गुजराती वाचकाला पुस्तक घरबसल्या मिळावे, असा त्यामागचा हेतू होता, आणि हिंदुस्थानात त्याला तोड नव्हती.

जुने कवी छापील रूपात लोकांपुढे येण्याचे कामही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झाले. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर काढली. परशुरामपंत तात्या गोडबोल्यांनी १८५४ मध्ये ‘नवनीत’ हा वेच्यांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि मुकुंदराजापासून मोरोपंतांपर्यंतचे कवी शाळेच्या दप्तरात गेले. १८६० मध्ये जनार्दन रामचंद्रजी यांचे ‘कविचरित्र’ आले. महिपतीच्या चरित्रांपेक्षा त्याची दृष्टी वेगळी होती, कारण त्यात कवीला संत म्हणून नव्हे तर ग्रंथकार म्हणून पाहिले होते. या सगळ्यांत मोठे काम तुकारामांच्या गाथेचे झाले. मुंबई सरकारने त्यासाठी २४ हजार रुपये दिले. विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील वह्या ताडून पाहिल्या आणि १८६९ पासून इंदुप्रकाश छापखान्यातून ती गाथा निघाली. एका कवीच्या शब्दांसाठी चार गावांच्या वह्या शेजारी शेजारी मांडण्याची शिस्त मराठीत रुजली ती या गाथेपासून.

मराठी पुस्तकांची पहिली मोठी यादी सरकारी कचेरीतून निघाली. मुंबई इलाख्याचे शिक्षणसंचालक सर अलेक्झांडर ग्रँट यांनी १८६४ अखेरपर्यंत इलाख्यात छापलेल्या देशी भाषांतील पुस्तकांची यादी तयार करवली. पुढच्या अडीच वर्षांची पुरवणी पील या सरकारी अधिकाऱ्यांनी जोडली. या याद्या इंग्रजीत आहेत, त्यांतली नावे इंग्रजी वळणाने लिहिलेली आहेत आणि शेरे पुष्कळदा तुटक आहेत. तरी त्या नसत्या तर १८६४ पूर्वीच्या कितीएक मराठी पुस्तकांचे नावही आज माहीत नसते.

१८६७ चा पंचविसावा कायदा या बाबतीत निर्णायक ठरला. छापखाने आणि वृत्तपत्रे यांचे नियमन, पुस्तकांच्या प्रती जतन करणे आणि त्यांची नोंदणी असे त्याचे नावातच सांगितलेले हेतू होते. १८५७ चे बंड सरकारच्या मनात ताजे होते आणि देशी भाषांत काय छापले जाते यावर नजर ठेवण्याची गरज राज्यकर्त्यांना वाटत होती. हा कायदा पुस्तकप्रेमातून आला, असे म्हणता येणार नाही. त्याने ग्रंथेतिहासाला मात्र अनमोल सामग्री मिळवून दिली. प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणाचे ठिकाण छापणे बंधनकारक झाले, प्रती सरकारजमा होऊ लागल्या आणि दर तिमाहीला त्यांची यादी राजपत्रातून प्रसिद्ध होऊ लागली. या यादीचे रकाने लक्ष देऊन पाहण्यासारखे आहेत. पुस्तकाचे नाव, भाषा, लेखक किंवा भाषांतरकार, विषय, मुद्रणाचे आणि प्रकाशनाचे ठिकाण, मुद्रक, प्रकाशनाची तारीख, पृष्ठे, आकार, आवृत्ती, किती प्रती काढल्या, छाप खिळ्यांचा की शिळेचा, किंमत आणि हक्क कोणाचा, एवढी माहिती एका ओळीत येते. कोणत्या पोथ्या हजारांनी खपत, कोणते सुधारणावादी पुस्तक पाचशे प्रतींत अडले, कोणत्या तालुक्याच्या गावी छापखाना निघाला, हे समजायला यापेक्षा विश्वसनीय साधन नाही. लेखकांच्या आत्मचरित्रांतून जे कळत नाही ते या कोरड्या रकान्यांतून कळते.

कायद्याने जमा झालेल्या पुस्तकांपैकी निवडक प्रती लंडनला जात. त्यामुळे मराठी पुस्तकांचा एक मोठा साठा समुद्रापार तयार झाला. जे. एफ. ब्लुमहार्ट यांनी ब्रिटिश म्युझियममधील मराठी-गुजराती छापील पुस्तकांची सूची १८९२ मध्ये, इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयाची १९०८ मध्ये आणि ब्रिटिश म्युझियमची पुरवणी १९१५ मध्ये सिद्ध केली. महाराष्ट्रात वाळवी, पावसाळी ओल आणि घरवाटण्या यांत नाहीशी झालेली पुस्तके लंडनच्या कपाटात सापडू लागली ती या सूचींच्या आधारे.

कोणाला ग्रंथकार म्हणायचे, हा प्रश्न याच सुमारास उघडपणे पुढे आला. ११ मे १८७८ रोजी पुण्याच्या हिराबागेत न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ मध्ये दुसरी सभा ठरली तेव्हा जोतीराव फुल्यांना निमंत्रण गेले. त्यांनी ते नाकारले आणि शूद्रातिशूद्रांच्या हक्कांना जेथे स्थान नाही त्या सभेशी आपला मेळ बसणार नाही, अशा आशयाचे पत्र पाठवले. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने ते छापले. मराठी ग्रंथांच्या इतिहासात या पत्राचे महत्त्व फार मोठे आहे, कारण याद्या करणाऱ्यांच्या नजरेतून काय निसटते याची ती पहिली जाहीर नोंद होती. फुल्यांना तो अनुभव आधीच आला होता. १८५५ मध्ये लिहिलेले आपले नाटक त्यांनी मराठी ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले होते आणि कमिटीने ते नाकारले होते. त्याच वर्षी ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे या मातंग समाजातील विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध आला. तो पुस्तकरूपाने न आल्यामुळे कोणत्याही ग्रंथयादीत बसला नाही आणि नियतकालिकांच्या जुन्या फायलींत पडून राहिला.

सरकारी याद्या छापील पुस्तकांपुरत्या होत्या. जुने हस्तलिखित धन वाड्यांच्या माळ्यांवर, मठांत आणि भिक्षुकांच्या घरी होते. ते बाहेर काढण्याची चळवळ १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिकाने सुरू केली. काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक, विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि शंकर तुकाराम शाळिग्राम हे त्यामागे होते. बखरी, पत्रे आणि अप्रकाशित काव्ये दरमहा छापून त्यांनी वाचकांना एक सवय लावली. घरातल्या जुन्या दप्तराला रद्दी समजू नये, हे सुशिक्षितांना प्रथम या मासिकाने शिकवले.

विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी ही सवय वेडाच्या पातळीला नेली. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी वाईहून काढला आणि पुढे एकूण बावीस खंड प्रसिद्ध केले. पायी, बैलगाडीने, मिळेल त्या वाहनाने ते गावोगाव फिरत. जुन्या घराण्यांना दप्तरांचे रुमाल सोडायला लावणे सोपे नव्हते. कोणाला इनाम जाईल ही भीती, कोणाला जप्तीची, कोणाला पूर्वजांचे काही उघडे पडेल ही. १९०९ मध्ये त्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि पाठशुद्धीचा वाद पेटवला. ७ जुलै १९१० रोजी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यामागेही तेच होते. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठांतली बाडे अशाच निष्ठेने गोळा केली. समर्थांच्या शिष्यपरंपरेतल्या अनेक कवींची नावे त्या बाडांतून वर आली.

सर्वांत मोठा शोध मात्र महानुभाव वाङ्मयाचा. तेराव्या शतकापासूनचे या पंथाचे ग्रंथ मठांच्या बाहेर कोणाला वाचता येत नव्हते, कारण ते ‘सकळ’ आणि तत्सम सांकेतिक लिप्यांत लिहिलेले होते. अक्षरांची अदलाबदल करून केलेली ही लेखनपद्धती राजवाड्यांनी १९१० च्या सुमारास उलगडली. ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे, तेथील मराठी ग्रंथसंग्रहालयाचे एक संस्थापक, यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ या आपल्या वाङ्मयेतिहासाच्या १९१९ च्या आवृत्तीत या ग्रंथांना जागा दिली. विदर्भात यशवंत खुशाल देशपांडे आणि हरि नारायण नेने यांनी पंथातील महंतांचा विश्वास मिळवला. नेने यांनी १९३६ पासून ‘लीळाचरित्र’ प्रकाशात आणले, आणि पंथप्रवर्तक चक्रधरांच्या आठवणी टिपून ठेवणारा म्हाइंभट हा लेखक सहाशे वर्षांहून अधिक काळाने सर्वसाधारण मराठी वाचकाला भेटला. मराठी गद्य बखरींपासून सुरू होते, ही तोवरची समजूत या ग्रंथाने मोडीत काढली. एका शोधाने भाषेच्या वाङ्मयाचा आरंभच बदलून जावा, असे उदाहरण दुसरे नाही.

काही ग्रंथ सापडले, पण अर्धेच. कुलाबा जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी तो वृत्तान्त लिहून काढला. सरकारच्या धाकामुळे तो लगेच छापता आला नाही. ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा गोडसे हयात नव्हते, आणि वैद्यांनी मजकुरात पुष्कळ फेरफार केले होते. मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित राहिले आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये अस्सल संहिता प्रसिद्ध केली. कोकणातल्या एका भिक्षुकाचे साधे, नजरेने टिपलेले गद्य वाचकांपर्यंत त्याच्या स्वतःच्या शब्दांत पोचायला अशी जवळजवळ साठ वर्षे गेली.

लेखकाची ओळख पटवणे हे काम छापील पुस्तकांच्या बाबतीतही सोपे नव्हते. टोपणनावांची परंपरा मोठी होती. लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरि देशमुख हे सर्वांना ठाऊक होते, पण सगळी टोपणनावे इतकी उघड नव्हती. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले आणि विभावरी शिरूरकर कोण, या प्रश्नाने महाराष्ट्र ढवळून निघाला. अविवाहित शिकलेल्या मुलींच्या मनातले इतके स्पष्ट लिहिणारी बाई आहे की पुरुष, यावरही तर्क झाले. बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालती बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकाच लेखिकेची तीन नावे. लग्नानंतर नाव बदलण्याच्या चालीमुळे स्त्रियांची पुस्तके याद्यांमध्ये दोन-दोन ठिकाणी विखुरली. गं. दे. खानोलकरांनी १९३१ पासून ‘अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक’ या मालेत ग्रंथकारांची चरित्रे आणि त्यांच्या पुस्तकांच्या याद्या एकत्र देण्यास सुरुवात केली. त्यांनी ती चिकाटीने पुढे चालवली आणि अनेक दुय्यम, विसरलेल्या लेखकांची माहिती केवळ तेथेच उरली.

मराठीतच मराठी ग्रंथांची सूची करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न १९१९ मध्ये झाला. ज्ञानकोशाच्या कामात असलेले यशवंत रामकृष्ण दाते आणि रा. त्र्यं. देशमुख यांनी ‘महाराष्ट्रीय वाङ्मयसूची’ काढली. पण या क्षेत्रातले सर्वांत मोठे नाव दुसऱ्या दात्यांचे, शंकर गणेश दाते यांचे. १९०५ मध्ये जन्मलेले दाते लोककथांचे संग्राहकही होते. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची त्यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ मध्ये. दोन्ही भाग मिळून सव्वीस हजारांहून अधिक ग्रंथांच्या नोंदी त्यांत आहेत. विद्यापीठाने किंवा सरकारच्या खात्याने माणसे नेमून करावे असे हे काम एका माणसाने उभे केले.

या कामाचे स्वरूप समजले की त्याचे मोल कळते. नोंद म्हणजे चार ओळी, पण त्या चार ओळींसाठी पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, गाव, साल, पाने, आकार आणि किंमत जुळवावी लागे. जुन्या पुस्तकांवर बहुधा शके असे. त्याचा इसवी सन काढताना साधारण ७८ मिळवायचे, पण पुस्तक पौष-माघ-फाल्गुनातले असेल तर ७९, आणि महिना दिलेलाच नसेल तर दुसरा पुरावा शोधायचा. मुखपृष्ठ फाटलेले असेल तर प्रस्तावनेवरून, प्रस्तावना नसेल तर छापखान्याच्या खिळ्यांच्या वळणावरून अंदाज बांधायचा. एकच पुस्तक दुसऱ्या आवृत्तीत वेगळ्या नावाने आले की ते दोनदा मोजले जाई, आणि दोन लेखकांचे नाव-आडनाव एक असले की दोघांची पुस्तके एकाच्याच खाती पडत. दात्यांनी सरकारी तिमाही याद्या, ब्लुमहार्टच्या सूची, वाचनालयांचे जुने कॅटलॉग आणि ग्रंथालयांतली प्रत्यक्ष पुस्तके ही सगळी साधने एकमेकांशी ताडली. नोंदी विषयवार लावल्या आणि लेखक व ग्रंथनामांच्या सूची जोडल्या. त्यामुळे शेती, वैद्यक, स्वयंपाक, ज्योतिष, कुस्ती अशा विषयांवर एकोणिसाव्या शतकात मराठीत किती लिहिले गेले ते प्रथमच डोळ्यांपुढे आले. मराठी वाङ्मय म्हणजे कविता, कादंबरी आणि नाटक ही समजूत या सूचीची पाने उलटताच गळून पडते. डिसेंबर १९६४ मध्ये दाते वारले. नियतकालिकांची सूची दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांच्यासह त्यांच्या नावावर पुढे १९६९ मध्ये निघाली. जिज्ञासूला मुक्ता साळवेच्या निबंधासारख्या विखुरलेल्या लेखनापर्यंत जाण्याची वाट अशाच सूचीने सापडते.

सूचीत नाव मिळणे आणि पुस्तक हाती येणे यांत अंतर असते. ते अंतर कापण्याचे काम संशोधकांनी केले. मूळचे गोव्यातील प्रियोळचे अ. का. प्रियोळकर यांनी १९४८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या मराठी संशोधन मंडळातून जुन्या ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या काढल्या आणि १९५८ मध्ये भारतातील मुद्रणाचा इतिहास लिहिला. आरंभीच्या छपाईत गोवा, तंजावर आणि श्रीरामपूर यांचे स्थान कोणते, हे त्यांनी पुराव्यांनिशी लावून दिले.

स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुन्हा छापले, त्याची हकिगत तर प्रत्येक सूचीकाराने लक्षात ठेवावी अशी आहे. ताराबाई बुलढाण्याच्या, सत्यशोधक वर्तुळातल्या. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वृत्तपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. त्या संतापातून हे छोटे पुस्तक लिहिले गेले. १८८२ मध्ये पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात त्याच्या ५०० प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकात त्याची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही आणि पहिले जवळजवळ नव्वद वर्षे विस्मरणात गेले. मालशे यांच्या आवृत्तीनंतर ते भारतीय स्त्रीवादी लेखनातील आद्य ग्रंथांत गणले जाऊ लागले. फुल्यांच्या नाकारलेल्या नाटकाचेही असेच झाले. ‘गुलामगिरी’त त्यांनी त्याचा उल्लेख केलेला असल्यामुळे ते होते एवढे माहीत होते, संहिता नव्हती. ‘तृतीय रत्न’ १९७९ मध्ये ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकातून प्रसिद्ध झाले, लिहिल्यापासून सव्वाशे वर्षांनी. मराठी नाट्यवाङ्मयाचा इतिहास त्यामुळे नव्याने मांडावा लागला.

लिहिता न येणाऱ्या ग्रंथकर्त्रीचा शोध हा या इतिहासातला एक वेगळाच भाग. खानदेशातील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी जात्यावर, शेतात, चुलीपुढे ओव्या रचत. त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव, आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यांतल्या काही उतरवून घेतल्या होत्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी त्या वह्या आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपाने आली. उतरवून न घेतलेली त्यांची रचना किती होती, ते कोणत्याही सूचीत येऊ शकत नाही.

स्वातंत्र्यानंतर पुस्तके जमा करण्याची व्यवस्था बदलली. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांनी ठरावीक राष्ट्रीय ग्रंथालयांना प्रत देणे बंधनकारक झाले आणि राष्ट्रीय ग्रंथसूचीत मराठीचा समावेश झाला. महाराष्ट्रात १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आला. गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागले, आणि त्यांच्या जुन्या संग्रहांतली दुर्मीळ पुस्तके सांभाळण्याचा प्रश्नही पुढे आला. दात्यांच्या सूचीचे पुनर्मुद्रण राज्य मराठी विकास संस्थेने केले, आणि १९५१ नंतरच्या ग्रंथांची सूची शरद केशव साठे यांनी संकलित केली, तीही त्याच संस्थेने प्रसिद्ध केली. जुन्या ग्रंथांची आणि मासिकांची पाने संगणकावर चित्ररूपाने उपलब्ध करून देण्याचे कामही संस्थेने हाती घेतले, त्यामुळे ठाणे किंवा पुणे गाठल्याशिवाय न दिसणारी पुस्तके बेळगाव, इंदूर किंवा परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकाला पाहता येतात.

सूचीच्या कक्षेबाहेर अजून बरेच आहे. तंजावरच्या सरस्वती महालातील तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते, जत्रांत विकल्या जाणाऱ्या लावणी-पोवाड्यांच्या चोपड्या, सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांची पाच-पन्नास पानांची पुस्तके, तालुक्याच्या छापखान्यांतून निघालेली आरतीसंग्रहांची आणि जातिसभांच्या अहवालांची छपाई यांतला फार मोठा भाग एकाही समग्र सूचीत आलेला नाही. यांतल्या हस्तलिखितांच्या वर्णनात्मक याद्या तंजावरला निघत आल्या आहेत. जलशांची पुस्तके मात्र कार्यकर्त्यांच्या घरांतून आणि जुन्या बाजारातून एकेक करून गोळा केली जात आहेत.